सम्यक तायडे बरा झाला

साहेबलोक येणार म्हटलं की गुणाजी परुळेकरांची गाळण उडायची. एरवी माणूस मोठा शेर. सह्यकिरण विद्यालयाचे सचिव, शिपायापासून मुख्याध्यापिकेपर्यंत सगळ्यांवर डाफरणारे. पण सरकारी गाडी भटवाडीच्या वळणावर दिसली की हाच शेर शेपूट घालून शाल-श्रीफळ शोधत फिरायचा. ह्या खेपेला तर प्रश्न ‘फुलपाखरू वर्गा’चा होता. स्वमग्न मुलांसाठी शाळेने हा वर्ग सरकारी अनुदानावर काढला होता, आणि ते पुढे चालू ठेवायचं की नाही हे ठरवायला शुक्रवारी तपासणी होती.

गुरुवारी संध्याकाळी त्यांनी मीरा तायडेला बोलावून घेतलं. मीरा एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर काम करायची, आणि तिचा नऊ वर्षांचा सम्यक ह्या वर्गातला.

“मीरा, उद्या सम्यकला घरीच ठेव गो.”

“का? यादीत बारा मुलं आहेत ना? साहेब मोजतील की.”

“मोजूदेत. बाराच दिसतली. तुझ्या सम्यकच्या जागी चौथीतल्या सर्वेशला बसवतो. गुणी पोर, सांगितलं तेवढंच बोलतं.”

मीराच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. “म्हणजे स्वमग्न मुलांच्या वर्गाची तपासणी, आणि स्वमग्न मुलानेच यायचं नाही?”

“बाय माझे, एका दिवसाचो प्रश्न आसा. तुझा पोरगा किंचाळला, साहेब बिथरला आणि अनुदान गेलं, तर मदतनीस ताईला पगार कोण देणार? तू? मग बसव त्याला घरी कायमचा.”

तीन शाळांनी सम्यकला दारातूनच परत पाठवलं होतं. ह्या वर्गात दोन वर्षं घासल्यावर पोरगा स्वतःहून ‘पाणी’ म्हणायला लागला होता. मदतनीस ताई त्याचा हात धरून बसायची म्हणून तो बसायचा. ती गेली की सगळं संपलं. मीराने मान डोलावली, आणि रिक्षा मिळेपर्यंत स्वतःला शिव्या घातल्या.

शुक्रवारी पालक म्हणून तिला मात्र हजर राहायचं होतं. नटून या, असा निरोप होता. ती लॅबमधल्याच साध्या ड्रेसवर गेली.

फुलपाखरू वर्ग उघडलेला बघून तिला हसावं की रडावं कळेना. अनुदानातून घेतलेला झोपाळा, मऊ गाद्या, रंगीत दिवे, सगळं होतं, आणि सगळ्यावर दुकानातलं प्लॅस्टिक तसंच होतं. मुलं खराब करतात म्हणून खोलीला वर्षभर कुलूप. मुलांना शिकवायचं जिन्याखाली, जुन्या बाकांच्या ढिगाशेजारी. आणि स्वागताला काय, तर लेझीम! कुकरची शिट्टी झाली तरी ज्या पोरांच्या जिवाचा थरकाप होतो, त्यांच्या दारात ढोल आणि लेझीम. धन्य ते डोकं! वरून कीर्तन आतून तमाशा म्हणतात, इथे तर आतबाहेर तमाशाच होता.

‘त्रासदायक’ चौघांना घरी ठेवून त्यांच्या जागी चौथीतली चार पोरं बसवली होती. उरलेल्या आठांपैकी तिघं कान दाबून टेबलाखाली शिरली.

“हे काय?” तपासणीला आलेल्या भोईटे साहेबांनी विचारलं.

“लपाछपी, साहेब,” गुणाजी म्हणाले. “खेळातून शिक्षण.”

भोईट्यांनी लिहून घेतलं. खरंच लिहून घेतलं! वर्गशिक्षिका श्वेता कंत्राटावरची होती. ती खिडकीबाहेर बघत राहिली.

मग सर्वेशची पाळी आली. “बाळ, नाव काय तुझं?”

“सम्यक प्रबुद्ध तायडे,” पोरगा खणखणीत म्हणाला. पाठोपाठ न विचारता त्याने सतराचा पाढा म्हटला, आणि वर हात जोडून, “आपल्या आगमनाने आम्हांस अतिशय आनंद झाला.”

आपल्या मुलाचं नाव दुसऱ्याच्या तोंडून ऐकून मीराने मान फिरवली. भोईटे मात्र खुर्चीत ताठ झाले. त्यांच्या अहवालात ‘मुख्य प्रवाहात आलेली मुलं’ असा एक रकाना होता. सात शाळा पालथ्या घातल्या तरी तो कोराच होता, आणि वरचे साहेब रोज विचारत होते. आता समोर सतराचा पाढा उभा! त्यांनी तिथल्या तिथे लिहून सही केली, मीराच्या हातात गुलाब दिला, सर्वेशला तिच्या नि आपल्या मधे उभं करून फोटो काढून घेतला आणि अहवालासकट तो लगेच वर पाठवूनही दिला.

“अभिनंदन, ताई. मुलगा बरा झाला तुमचा! आता ह्या वर्गाची त्याला गरज नाही. सोमवारपासून नेहमीच्या चौथीत बसेल. त्याची इथली जागा दुसऱ्या गरजू मुलाला देऊ.”

करायला गेले गणपती आणि झालं माकड. गुणाजींचा चेहरा पांढराफटक पडला, पण तोंडातून निघालं काय? “वा साहेब, वा!”

मीराने त्यांना दारामागे गाठलं. “बोला ना आता! साठ पोरांच्या वर्गात माझा मुलगा मदतनीस ताईशिवाय किती मिनिटं टिकेल?”

“सही झाली गो. आता काय करूचा? गप ऱ्हव, पुढच्या वर्षी बघू.”

पुढच्या वर्षी! ह्या माणसाची कीवसुद्धा येऊ नये, इतका तो तिला त्या क्षणी हलका वाटला. ती तडक निघाली. रिक्षाने दहा मिनिटांवर घर होतं. सासूजवळ बसलेल्या सम्यकला तिने चपला घातल्या आणि हाताला धरून शाळेत आणलं.

भोईटे ऑफिसात शिरा खात होते, गुणाजी वाढत होते, आणि श्वेता इथेही खिडकीशीच उभी होती. सम्यक दारातच थांबून पुढेमागे डुलायला लागला, एका सुरात हुंकार भरायला लागला. भोईट्यांनी बशी उचलून खुर्ची मागे सरकवली, जणू मूल नाही, गटाराचं पाणीच आत आलं.

“हा कोण?”

“हा ना, हा वेटिंग लिस्टवरचा,” गुणाजी घाईने म्हणाले. “ती जागा रिकामी झाली ना, साहेब, तिथे ह्यालाच घेऊ म्हणतो.” आणि मीराकडे बघून त्यांनी डोळे मिचकावले. काय पण शक्कल काढली!

“कागदपत्रं आहेत? नाव काय ह्याचं?”

“सम्यक प्रबुद्ध तायडे,” मीरा म्हणाली.

चमचा बशीत थांबला. भोईट्यांनी यादी बघितली, गुणाजींकडे बघितलं, आणि सावकाश म्हणाले, “असतात. एका नावाची दोन मुलं असतात.”

“आडनाव एक, बापाचं नाव एक, आधार नंबर एक. आता आईपण दोन आहेत म्हणा, साहेब, म्हणजे तुमचा रिपोर्ट पूर्ण होईल!”

श्वेताने खिडकीवरची नजर काढून पहिल्यांदाच मीराकडे बघितलं. भोईट्यांनी रुमालाने बोटं पुसली आणि आवाज खाली आणला.

“हे बघा, ताई. अहवाल वर गेलाय. तक्रार करायची तर लेखी द्या, मी कुठे नाही म्हणतोय? पण फोटोत गुलाब घेऊन त्या मुलाशेजारी तुम्हीच उभ्या आहात. उद्या चौकशी लागली, तर पहिला प्रश्न तुम्हालाच येईल. आणि वर्ग बंद पडला तर सगळ्यांच्याच मुलांचं नुकसान. विचार करा.”

गुणाजींना धीर आला. “बघ, साहेब किती समजावून सांगतत तुका.”

भोईटे खोटं नव्हते बोलत, हेच मीराला झोंबलं. तिला त्या दोघांची किळस आली होती, पण काल संध्याकाळी मान डोलावणाऱ्या बाईची त्याहून जास्त. सम्यकने तिची ओढणी मुठीत घट्ट धरली होती. तिने ती सोडवली नाही. तशीच, एका हाताने, तिने भोईट्यांच्या पुढ्यातला कोरा कागद आणि त्यांचंच पेन ओढलं.

पहिल्या ओळीत तिने लिहिलं, ‘माझ्या मुलाला लपवायला काल मी स्वतः हो म्हणाले.’ मग बाकीच्यांची नावं लिहायला घेतली.