गाठ मागच्या बाजूला

टाकेबाईंनी शेवटचा कागद दोन पुठ्ठ्यांमध्ये धरून अलगद उलटवला आणि टीपकागदाच्या गादीवर पालथा ठेवला. असे शंभर झाले. वाळवलेली फुलं, पानं, मुळं सगळी खाली तोंड करून निजली आणि वर उरले नुसते पिवळट कागद, दोऱ्याचे आखूड टाके आणि गाठी. नमुना कधी पालथा घालायचा नाही, हा या खोलीचा पहिला नियम. गेली तीस वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला तो त्यांनीच दम देऊन शिकवला होता.

वनस्पतिसंग्रहाचे संचालक आत आले ते दारातच थबकले.

"टाकेबाई, हे पालथे का? आणि पट्ट्या कुठायत?"

"नाही लावल्या."

"किती राहिलेत?"

"शंभर."

संचालकांनी घड्याळाकडे पाहिलं, मग छताकडे. छताच्या कोपऱ्यातून ओल उतरत उतरत कपाटांपासून हातभर अंतरावर आली होती आणि खाली दोन बादल्या मुक्कामाला होत्या. राष्ट्रीय महत्त्वाच्या संग्रहांना मिळणारं सरकारी अनुदान पदरात पडलं, तर नवं छत होणार होतं. नाही पडलं, तर सगळे नमुने खोक्यांत भरून राजधानीच्या गोदामात जाणार आणि या खोलीला कुलूप लागणार. समितीची अट अशी की जुने दोरे कापून काढायचे, सगळे नमुने एकसारख्या डिंकाच्या पट्ट्यांनी बसवायचे, आणि त्यातले शंभर परीक्षक येण्याआधी करून ठेवायचे. वाळलेलं पान न मोडता दोरा कापणं या इमारतीत एकाच माणसाला जमत होतं, आणि त्या माणसाने आज नन्नाचा पाढा लावला होता.

"महिनाभर मूग गिळून बसलात," संचालक म्हणाले. "तेव्हाच सांगायचंत ना!"

"तेव्हा सांगितलं असतं तर तुम्ही मला समजावलं असतं. तुम्ही समजावता फार छान."

परीक्षक ठरल्या वेळेला आले. किडकिडीत गृहस्थ, हातात तक्ता, शर्टाच्या खिशात भिंग. टेबल पाहून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हे उलटे आहेत."

"हो. सुलटे तुम्ही अर्जात पाहिलेत," टाकेबाई म्हणाल्या. "चाळीस पानं आहेत त्यात. झाड कोणी शोधलं, कोणी नाव दिलं, कोणाच्या हस्ते काय झालं. शिवलं कोणी, ते मागे आहे."

संचालक मध्ये पडायला गेले. परीक्षकांनी हातानेच त्यांना थांबवलं.

"कोणी शिवलं?"

"अकरा जणींनी. मी बारावी. हजेरीपटावर आम्ही सगळ्या सफाई कामगार. कागदोपत्री इथे शंभर वर्षं नुसता केर काढला गेलाय."

परीक्षक हसले नाहीत, पण त्यांनी भिंग काढलं. मधल्याच एका कागदावर बोट ठेवलं.

"हा?"

"घाईवाली. टाका लांब, गाठ एकच, दोरा लोंबता. घरी तान्हं मूल असणार."

"हा?"

"दोनगाठी. एका गाठीवर तिचा कधी विश्वासच बसला नाही."

"आणि हा?"

टाकेबाईंनी त्या कागदाकडे धड पाहिलंही नाही. "डावखुरी. गाठीचा पीळ उलटा आहे."

परीक्षकांनी वाकून पीळ पाहिला. मग त्यांना ईर्षाच चढली. इथला एक, तिथला एक असे ते कागद दाखवत गेले. एकदा दूरच्या टोकाला जाऊन त्यांनी मुद्दाम फसवायलाही पाहिलं.

"ही मघाशीच झाली की," टाकेबाई म्हणाल्या. "दोनगाठी."

"या गाठी पुढून अजिबात दिसत नाहीत," परीक्षक सरळ होत म्हणाले.

"दिसता कामा नयेत, असा दंडकच होता."

परीक्षकांनी भिंग खिशात टाकलं आणि तक्ता उघडला. त्यांना वाईट वाटत होतं, हे दिसत होतं. त्याचा उपयोग नव्हता.

"बाई, तुमचं खरं आहे. पण माझ्या तक्त्यात दोऱ्याला रकाना नाही. काम झालं किंवा झालं नाही, एवढंच मला लिहिता येतं. समिती शुक्रवारी बसते. गुरुवारपर्यंत मी फाइल उघडी ठेवतो. तेवढे शंभर करा."

परीक्षक गेले. मग संचालक टेबलाच्या पलीकडे स्टूल ओढून बसले. ते चिडले असते तर टाकेबाईंना सोपं गेलं असतं.

"त्या अकरा जणी आता नाहीत, टाकेबाई. छत आज गळतंय. दोरे जपायचे म्हटलं तरी आधी नमुने टिकायला हवेत ना?"

बोलणं चुकीचं नव्हतं, आणि म्हणूनच ते टाकेबाईंना झोंबलं. त्यांना संताप आला होता. संचालकांचा नाही, परीक्षकांचाही नाही, त्या तक्त्याचा, ज्यात ओल मोजायलासुद्धा तीन रकाने होते. त्यांनी खण उघडला. आत दोन कात्र्या होत्या. पुढची बाजूला सारून त्यांनी मागची काढली आणि संचालकांपुढे ठेवली.

"मग कापा. कागद मी धरते, पान मोडायचं नाही."

त्यांनी एक पालथा कागद ओढून दोन्ही हातांनी धरला. संचालक क्षणभर घुटमळले. मग त्यांनी कात्री उचलली, टोक हलकेच गाठीशेजारच्या टाक्याखाली सरकवलं आणि दाबलं. दोरा पात्यांमध्ये नुसता दुमडला. त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा दुमडला.

"धार नाहीये हिला."

"दर सहा महिन्यांनी लावून आणते."

"मग कापत का नाही?"

"ती डाव्या हाताची आहे."

संचालकांनी कात्री उजेडात धरली. पाती उलटी बसवलेली होती. अंगठ्याच्या कडीला गुंडाळलेलं कापड झिजून काळं पडलं होतं.

"पण तुम्ही तर उजव्या हाताने शिवता."

"माझी नाही ती."

संचालकांनी समोरच्या कागदावरच्या गाठीकडे पाहिलं. पीळ उलटा होता. हा परीक्षकांनी दाखवलेला तिसरा कागद होता.

"हिची कात्री तुमच्याकडे कशी?"

"आईचं सामान मुलीकडेच येणार ना, साहेब." टाकेबाईंनी कागद सोडला नव्हता. "माझी देऊ का? ती उजवी आहे. एका झटक्यात कापेल."

संचालकांनी कात्री खाली ठेवली. उजवी मागितली नाही.

"आणि खोली गेली तर?"

"तर जाऊ गोदामात. पण आहोत तशा जाऊ."

बादलीत एक थेंब पडला. संचालकांनी अर्जाची फाइल जवळ ओढली, पानं उलटली आणि 'जुने दोरे काढून टाकण्यात येतील' या ओळीवर आडवी रेघ मारली. शाई वाळेपर्यंत ते त्या रेघेकडे पाहत राहिले.

"आता लिहू कुठे? रकाना खरंच नाहीये."

"समासात लिहा."

त्यांनी फाइल आडवी केली आणि बारीक अक्षरात लिहायला घेतलं. टाकेबाई एकेक सांगत गेल्या. घाईवाली, दोनगाठी, तिरक्या टाक्याची, जाड दोऱ्याची. डावखुरी इतरांसारखीच मध्ये कुठेतरी आली.

"खरी नावं?"

"माहीत नाहीत. आईचं तेवढं माहीत आहे."

"मग ते तरी सांगा."

"एकटीचं नको."

ते पुढे लिहीत राहिले. टाकेबाईंनी सकाळी पुठ्ठ्यांतून काढून ठेवलेली रानवेल नव्या कागदावर पसरली, सुईत दोरा ओवला आणि देठावरून पहिला टाका घातला. त्यांचा हात सवयीने चालत होता.

"अकरा झाल्या," संचालक म्हणाले. "बाराव्या तुम्ही. काय लिहू?"

"माझं मी बघते."

त्यांनी शेवटचा टाका घातला. सुई कागदाखाली गेली होती आणि गाठ तिथेच मारायची होती. त्यांनी ती पुन्हा वर काढली आणि पुढच्या बाजूला, देठाला लागूनच, कोणालाही दिसेल अशी गाठ आवळली.