नावाच्या जागी खट्

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. आपली गोष्ट सांगताना मान ताठ असावी म्हणतात. माझी तशी नाही. माझा फोटो परदेशात छापून आला, भरल्या सभागृहानं माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या, आणि त्या टाळ्यांची मला आजही लाज वाटते.

कुठल्या कारखान्यात मी जन्मलो ते आठवत नाही. दुसरा जन्म मात्र दिग्रसचा, रहमतचाचांच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातला. कोणीतरी मला तिथं टाकून गेलं आणि परत आलंच नाही. चाचांनी मला नवा रबरी पट्टा बसवला, सेल घातले, आणि रोज दुकानाच्या पायरीवर येऊन बसणाऱ्या बारा वर्षांच्या मैत्रेयीच्या हाती दिलं.

"ले बेटा, घेऊन जा. पण ध्यानात ठेव, ह्याले जेवढं ऐकवशीन, तेवढंच हा बोलते."

मैत्रेयी आपल्या आत्याकडे राहायची. आत्या, इंदूबाई, जिनिंगमध्ये, म्हणजे कापसाची रुई आणि सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, कापूस निवडायला जायची. अंगावर कापसाचे तंतू घेऊन घरी यायची आणि येताना वाटेत एखादं गाणं रचलेलं असायचं. तिला लिहिता येत नव्हतं. सगळी गाणी तोंडात. जयंतीला विहारापुढे ती गायला उभी राहिली की बाया मुलांना गप्प करायच्या.

त्या गाण्यांची एक रीत होती. शेवटच्या कडव्यात रचणारीचं नाव यायचं, आणि ते कडवं सगळ्या बाया मिळून तीनदा घोळवायच्या. कागदावर अंगठा उठवणाऱ्या बाईची तीच सही होती.

मैत्रेयीजवळ कॅसेट एकच होती. रविवारी जिनिंग बंद असायचं, तेव्हा ती मला आत्यासमोर पाटावर ठेवायची. आत्या गायची, शेजारची सुखीबाई टाळी धरायची, माझा लाल दिवा लागायचा. आणि शेवटचं कडवं आलं की मैत्रेयी माझं बटण दाबायची. खट्!

"काहून बंद केलं व?" आत्यानं पहिल्यांदा विचारलं होतं.

"फीत पुरत नाही ना आत्या. शेवटचं तं सगळ्यायले पाठच आहे. तेवढ्यात अजून एक गाणं बसते."

आत्या हसली. "बसव मंग."

अशी नऊ गाणी माझ्या पोटात बसली. नऊही बिनसहीची.

पोर हुशार निघाली. आवाजाचं तंत्र शिकायला शिष्यवृत्ती मिळाली आणि ती इंग्लंडात लीड्स नावाच्या गावी गेली. आत्याच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून मीही गेलो. तिथले दिवस सोपे नव्हते. दिवसभर ती वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना भरवायची, संध्याकाळी छोट्या हॉटेलांत गायची. भाड्याच्या खोलीत भिंतींना गोधड्या टांगून तिनं ध्वनिमुद्रणाची जागा केली. हळूहळू दुसरे गायक तिच्याकडे येऊ लागले. त्यांच्या कच्च्या सुरांना ती असं काही सजवायची की ओळखू येऊ नयेत. नाव झालं. मग तिनं स्वतःचा अल्बम काढला.

त्यात ती नऊ गाणी होती. चाली त्याच, शब्द तेच, थोडे इंग्रजीत वळवलेले. आणि मित्रांनो, माझा तो खट् आवाज तिथल्या लोकांना फार आवडला. मैत्रेयीनं तो तसाच ठेवला, प्रत्येक गाण्याच्या शेवटी. मुखपृष्ठावर माझा फोटो आला. खाली छापलं होतं, 'शब्द, संगीत आणि निर्मिती: मैत्रेयी'.

एका कार्यक्रमात तिनं मला उचलून लोकांना दाखवलं. "हा माझा गुरू," ती म्हणाली. सगळे उभे राहिले. मी यंत्र आहे, खाली उतरून कुठं जाणार?

गेल्या हिवाळ्यात ती मला घेऊन दिग्रसला आली. आत्या थकली होती, पण कान शाबूत. अंगणात बाया जमल्या. मैत्रेयीनं मोबाईलला स्पीकर जोडला आणि पहिलं गाणं लावलं.

आत्याची बोटं गुडघ्यावर ताल धरू लागली. डोळे मिटले. शेवट जवळ आला तसा तिनं हात वर करून बायांना खुणावलं, आता सगळ्यांनी म्हणायचं. तिचे ओठ उघडले.

खट्.

पुढे काही नव्हतं.

"सरलं?" आत्यानं विचारलं.

"हो आत्या."

"मंग मी कुठी राह्यली?"

सुखीबाई अल्बमचं मुखपृष्ठ उलटसुलट बघत होती. "हे पाय इंदू, मशीनचा फोटू छापला! तुह्या काहून नाही? तुले निदान दोन दात तरी आहेत."

बाया हसल्या. मैत्रेयी हसली नाही. "आत्या, तेव्हा फीत कमी होती..."

"तव्हा कमी होती, बाई," आत्या शांतपणे म्हणाली. "आता काय कमी होतं?"

मैत्रेयीनं मान खाली घातली. तिची नजर माझ्यावर आली आणि मला वाटलं, माझा लाल दिवा कायमचा विझून जावा. ती रडत नव्हती. "चुकली मी," एवढंच म्हणाली, आणि मला घेऊन उठली. रहमतचाचा आता नाहीत, त्यांच्या मुलानं, फिरोजनं, माझा पट्टा बदलला. कोरी कॅसेट शोधून दिली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पाट, पुन्हा आत्या. या वेळी फक्त शेवटची कडवी. सवयीनं मैत्रेयीचं बोट बटणाकडे गेलं. तिनं हात मागं घेतला आणि स्वतःच्याच मांडीखाली दाबून धरला.

रुई गेली देशोदेशी, सरकी राह्यली गावात,
इंदू सांगे बायाहो, मले ठेवा ध्यानात.

तीनदा. सगळ्या बायांनी. मी एकेक अक्षर पोटात घेतलं.

अशी आठ कडवी सापडली. नववं आत्याला आठवेना. सुखीबाईला विचारलं, तिलाही नाही. सगळ्यांना पाठ असलेलं ते कडवं आता कोणालाच येत नव्हतं.

"नवीन रच ना आत्या," मैत्रेयी काकुळतीनं म्हणाली.

"नाही व. तिथं ह्याचा खट् राहू दे." आत्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. "कोनी पुसलं, तं सांगजो इथं काय होतं."

नव्या आवृत्तीत आता आठ गाण्यांच्या शेवटी इंदूबाईचं नाव वाजतं, मुखपृष्ठावरही तेच आहे. मी त्यावर नाही, आणि बरंच आहे. नवव्या गाण्याशी मैत्रेयी दर कार्यक्रमात थांबते आणि काय हरवलं, कोणामुळे हरवलं, ते सांगते. तेव्हा कोणी टाळ्या वाजवत नाही.

मित्रांनो, तुमच्या मोबाईलमध्ये फीत संपत नाही. घरातलं कोणी गायला बसलं तर त्यांचं गाणं पूर्ण होऊ द्या. त्यांचं नाव येईपर्यंत बोट मागं ठेवा.