पावलेली प्रेस

नेरडीगोंड्याला हायवेच्या कडेला उत्तमरावांचं जिनिंग आहे, कापसातली सरकी काढायचा कारखाना. दसऱ्याला तिथे यंत्रांची पूजा होते, आणि कापसाच्या गाठी बांधणाऱ्या प्रेसमध्ये हात घालून कुंकू लावायचा मान तिथल्या सगळ्यात जुन्या मजूर राहीबाईचा. पूर्वी त्याआधी मिस्त्री मेन स्विच खाली ओढायचा. यंदा भिंतीवर इंटरनेटचा डब्बा बसला होता, सगळी यंत्रं मोबाईलवरून चालू-बंद. मेन ओढला तर कॅमेरे बंद पडतात, आणि उत्तमरावांचे व्याही तिकडे निर्मल गावी बसून कॅमेऱ्यातून पूजा पाहत होते, म्हणून मेन चालूच ठेवला. हौसेला मोल नसतं म्हणतात, ते असं.

डब्बा सांभाळायची राहीबाईची लेक, नेहा. गेल्या आठवड्यात कुणीतरी फोनवर हिंदीतून डब्ब्याच्या कंपनीचं नाव सांगितलं आणि तिनं पासवर्ड देऊन टाकला. मागून कंपनीला विचारलं, तर त्यांनी फोनच केला नव्हता. फाटकावर चौकीदार परक्याला नाव-गाव विचारतो. तारेतून शिरणाऱ्याला कोण विचारणार? तेव्हापासून नेहाला घास गोड लागत नव्हता. पण नोकरी जाईल म्हणून ती गप्प राहिली.

राहीबाईनं कुंकू लावून हात बाहेर काढला, आणि प्रेसचा लोखंडी पाट घरघरत खाली आला. मग आपोआप वर गेला.

"देवी पावली!" कुणीतरी ओरडलं. बायांनी हात जोडले, नारळ फुटला. नेहाच्या मोबाईलवर मात्र प्रेस बंदच दिसत होती.

"शेठ, मेन ओढा," ती उत्तमरावांजवळ जाऊन म्हणाली. "पासवर्ड म्या एका परक्या माणसाले देल्ला. तोच चालवून राह्यला."

उत्तमरावांचा चेहरा उतरला. आवाज मात्र त्यांनी दबकाच ठेवला. "गप राय. लोकं देवी समजून राह्यले, समजू दे. उद्या पाहू."

उद्या! तिकडे राहीबाई फूल वाहायला पुन्हा वाकत होती. नेहा धावली आणि तिनं मेन खाली ओढला. दिवे गेले, शेडमध्ये एकच कालवा झाला.

"काऊन वं, देवीले बंद केलं तुनं?" राहीबाई कडाडली. बायाही नेहाला नको नको ते बोलल्या.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. तोच आवाज, अगदी सभ्य.

"मैडम, मेन लगाइए और मालिक को फोन दीजिए, पैसों की बात करनी है. माँजी का हाथ हमने पहले बाहर आने दिया था ना?"

नेहानं फोन उत्तमरावांच्या हातात दिला. राहीबाई अजून ताट घेऊन प्रेसपुढे उभी होती, लेकीच्या वतीनं माफी मागत.