चौकोनी तेज

रांग तिसऱ्या मजल्यावरच्या दारापासून सुरू व्हायची आणि जिन्याखालच्या सायकलींना वळसा घालून फुटपाथवर संपायची. अडीच वर्षांच्या मुलाला बघायला माणसं अर्ध्या दिवसाची रजा काढून येत होती. त्यात बँकेतले होते, शाळेतले होते, आणि भौतिकशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापकही होते. आपण केवळ बायकोला सोबत म्हणून आलोय, हे त्यांनी पुढच्या-मागच्या सगळ्यांना एकदा सांगून झालं होतं, आता दुसरी फेरी चालू होती.

"डोळ्यांत खरंच ज्योत दिसते हो!" उतरणारे चढणाऱ्यांना सांगत.

"कुठल्या रंगाची?"

"मला निळी दिसली. ह्यांना तांबडी."

"मला काहीच नाही दिसलं," एक तरुण म्हणाला. तो बिचारा स्वतःबद्दलच शंका घेत खाली उतरला.

आतली खोली अंधारी ठेवलेली. समोरच्या भिंतीशी पांढऱ्या गादीवर बाळमहाराज बसलेले. मागच्या भिंतीवर मंद उजेड थरथरायचा, मिनिटामिनिटाला रंग बदलायचा. ती प्रभावळ. महाराज हलत नसत, हसत नसत, रडत नसत. पापणीसुद्धा क्वचित लवायची. शेजारी उभे राहून मामा समजावून सांगत.

"हाक मारा, खुशाल मारा! वळणार नाही. का वळेल? नाव आणि रूप ह्यांच्या पलीकडे गेलाय तो. बोलत का नाही म्हणता? बोलण्यासारखं काही उरलंच नाही! पुढ्यात खेळणी ठेवली, शिवला नाही. ह्याला म्हणतात वैराग्य. तुम्हाआम्हाला साठीत जमत नाही. आणि मुख्य म्हणजे आईकडे झेपावत नाही. मोहच गळून पडला, मग आई कोण अन् परके कोण!"

नियम दोनच होते. आत येताना मान खाली, आणि जाताना महाराजांना पाठ दाखवायची नाही, उलट्या पावली बाहेर पडायचं. पाठ दाखवली की सात वर्षांचं पुण्य जातं.

"सातच का?" प्राध्यापकांनी दारातून विचारलं होतं. बायकोने कोपर मारलं.

हे सगळं भिंतीपलीकडच्या खोलीत महाराजांच्या आईला रोज ऐकू यायचं. एका कानाने. दुसऱ्या कानावर हेडफोन असायचा. ती एका कंपनीसाठी घरी बसून ग्राहकांच्या तक्रारी ऐकायची. फ्रिज गार होत नाही, वॉशिंग मशीन चालता चालता थांबतं, माणूस येईल म्हणाला होतात तो आला नाही. दिवसाला सत्तर-ऐंशी माणसांशी ती लाघवीपणाने बोले. त्यातल्या एकालाही तिचं नाव ठाऊक नव्हतं. नवरा जहाजावर नोकरीला, आवाज यायचा तो आठवड्यातून एकदा, तोही तुटत तुटत.

कंपनीची एक अट होती: मागे आवाज नको. कुकरचा नको, कुत्र्याचा नको आणि मुलाचा तर अजिबात नको. जन्मला तेव्हा पोरगा असा काही ओरडला होता की दवाखान्यातल्या नर्सने त्याचं नाव भोपू ठेवलं. हा भोपू आठ तास गप्प कसा बसायचा? सहाव्या महिन्यात तिने एकदा त्याच्यासमोर फोन लावून ठेवला. फक्त एका कॉलपुरता. भोपू गप्प झाला. मग तो गप्पच राहिला. वर्षाचा झाला, दोन वर्षांचा झाला, तोंडातून शब्द नाही. हाक मारली तर मान वळेना. फोन काढून घेतला की जमिनीवर डोकं आपटून घ्यायचा, दिला की पुतळा.

अशा वेळी तिचे मामा आठ दिवसांसाठी म्हणून आले आणि चार महिने राहिले. मामांनी आयुष्यात बरंच काही विकलं होतं. पाणी शुद्ध करायची यंत्रं, सांधेदुखीवरचे चुंबकाचे पट्टे, एकदा तर न बांधलेल्या इमारतीतले गाळे. शांतता तेवढी विकायची राहिली होती, आणि ह्या घरात ती नुसती पडून होती.

"पोरी, ह्याचा फोन मी सोडवतो," दोन महिने उलटल्यावर ते म्हणाले. "फक्त आतल्या खोलीत तू यायचं नाहीस. आईची माया साधनेत आडवी येते."

खोलीत आठवडाभर काही ठोकाठोक चालली. तिला वाटलं, फळी-बिळी मारत असतील, आणि ती पुढचा कॉल घ्यायला वळली. आठव्या दिवशी मामांनी तिचा फोन तिच्या हातात आणून ठेवला. दार किलकिलं करून दाखवलं: गादीवर भोपू शांत बसलेला. हातात काही नाही!

ती ओक्साबोक्शी रडली. ह्या चमत्कारावर सगळ्यात आधी विश्वास बसला तो तिचाच. दुसऱ्या नंबरवर चौथ्या मजल्यावरच्या काकू. त्यांची मुलं परदेशी, दिवस जाता जात नव्हता. त्यांना डोळ्यांतली ज्योत दिसली आणि त्यांनी दोन दिवसांत सगळी इमारत हलवली.

दुपारी आणि संध्याकाळी मामा भोपूला भरवायला बाहेर आणत. तेव्हा तो किरकिरा असायचा, घास थुंकायचा, तिच्या खांद्यावरून दाराकडे बघत राहायचा. "समाधी उतरली की असं होतंच," मामा सांगत. तीही स्वतःला समजावी: तो सगळ्यांचा झालाय, म्हणून माझ्याकडे बघत नाही. आपल्या चुकीपेक्षा मुलाचं संतपण पचवायला बरं जातं.

त्या गुरुवारी काकू आपल्यासोबत कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्या बाईंना घेऊन आल्या. "तुम्ही रोज डोळे बघता, आज हे डोळे बघा," असं म्हणून त्यांना दुकानातून उठवून आणलं होतं.

भिंतीपलीकडून मामांचा आवाज आला. "मान खाली, ताई. छत्री बाहेर ठेवा."

"असू दे. बाहेर ठेवली की मी विसरते."

मग बाई म्हणाल्या, "ह्याच्या डोळ्यांत टोपी आहे."

"काय?"

"टोपी. टोपी घातलेलं काहीतरी उड्या मारतंय."

"विश्वरूप, ताई, विश्वरूप! भाग्य लागतं दिसायला."

"आणि त्याला चार कोपरे आहेत. मी बावीस वर्षं लोकांच्या डोळ्यांत बघतेय. आत्म्याला कोपरे असल्याचं अजून आढळलं नाही. खिडकीला असतात. पण इथे तर खिडकी दिसत नाही…"

"वळू नका! अहो, पाठ… पुण्य जाईल!"

"जाऊ दे, चष्मे विकून पुन्हा मिळवीन."

फट् असा छत्री उघडल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ भोपूची किंकाळी.

"कोप झाला!" मामा ओरडले. "हात जोडा, माफी मागा!"

छत्री मिटली. किंकाळी थांबली. छत्री उघडली. किंकाळी.

"पुन्हा एकदा करा," आजही बायकोला सोबत म्हणून आलेल्या प्राध्यापकांना राहवेना. "तीनदा झालं म्हणजे प्रयोग म्हणता येईल."

"मूल आहे ते, प्रयोगशाळा नाही," बाई कडाडल्या आणि छत्री मिटली.

हेडफोनमध्ये कुणी गृहस्थ फ्रिजबद्दल पोटतिडकीने सांगत होते. "मॅडम, ऐकताय ना?"

"नाही," ती म्हणाली, आणि हेडफोन काढून ठेवला.

दोन महिन्यांत ती पहिल्यांदा त्या खोलीत शिरली. समोर भोपू. गाल ओले, डोळे उघडे. ती त्याच्या पुढ्यात जाऊन बसली. तो डावीकडे झुकला. ती डावीकडे सरकली. तो उजवीकडे झुकला. समोर खांब आला की आपण झुकतो तसा. त्यात राग नव्हता की ओळख नव्हती.

"मागे बघा," चष्मेवाल्या बाई हळूच म्हणाल्या.

तिने वळून बघितलं. दाराच्या चौकटीच्या वर हातभर रुंद टीव्ही बसवला होता, आवाज बंद करून. त्यावर डोळे आणि टोपी असलेला एक तांबडा टोमॅटो निळ्या आभाळाखाली उड्या मारत होता. आत येताना मान खाली, जाताना उलट्या पावली. दोन महिने शेकडो माणसं त्या दाराखालून आली नि गेली, एकानेही दारावरची भिंत पाहिली नव्हती. प्रभावळ म्हणजे त्याच टीव्हीचा मागच्या भिंतीवर पडलेला उजेड, आणि ज्योत म्हणजे डोळ्यांत उमटलेला टोमॅटो. महाराज आठ-आठ तास त्याच्या ध्यानात असत.

"अगं, साधन आहे ते!" मामा म्हणाले. मग सगळे आपल्याकडे बघतायत हे ध्यानात आल्यावर त्यांचा आवाज चढला. "आणि माझ्याकडे काय बघतेस? पहिल्यांदा हातात दिला कुणी? तूच ना? मी फक्त काच मोठी केली."

ह्या माणसाच्या तोंडून चार महिन्यांत निघालेलं हे एकच खरं वाक्य.

लोक पांगले. ह्या वेळी सगळे सरळ पाठ फिरवून गेले. काही जण चष्मेवाल्या बाईंवरच चिडले होते: "एवढं शांत वाटायचं इथे, तेही ह्यांना बघवलं नाही." संध्याकाळपर्यंत मामाही गेले. जाताना टीव्ही नेला, भिंतीतले खिळे ठेवले.

बाई थांबल्या होत्या. तिने विचारलं, "माझ्यामुळे झालं का हो हे?"

"चष्म्याच्या दुकानात बसून मला ते कसं कळणार? आधी ह्याचे कान तपासा, मुलांच्या डॉक्टरांना दाखवा. न बोलणाऱ्या सगळ्याच मुलांचं कारण एक नसतं. पण एवढं मलाही कळतं, की बोलणं म्हणजे चेंडूचा खेळ आहे. तो टोमॅटो दिवसभर चेंडू फेकतो, पण ह्याने उलट टाकला तर झेलायला तिकडे कुणी नाही. मग मूल टाकायचंच सोडून देतं."

"मी तरी कुठे होते झेलायला," ती म्हणाली.

बाईंनी काही खोटा दिलासा दिला नाही.

कान चांगले निघाले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळ गेलेली नाही, पण वाट बघत बसायचीही वेळ नाही. बोलतं करण्यासाठी वाचोपचार सुरू झाले. तिने कामाचे तास अर्धे करून घेतले, त्याबरोबर पगारही अर्धा झाला. सकाळी काकू भोपूला वर नेऊ लागल्या. ज्योत दिसलेल्या काकूंचा चष्मा महाराजांनी पहिल्याच आठवड्यात दोनदा भिरकावला. "देव परवडला होता," काकू म्हणाल्या, पण दुसऱ्या दिवशी नऊच्या ठोक्याला न्यायला हजर.

पहिले दिवस भयंकर गेले. पोरगा भिंतीकडे बघून टाहो फोडायचा. ते ओसरल्यावर उरली शांतता, आणि ती जास्त कठीण होती. दिवसभर लिहून दिलेली वाक्यं बोलणाऱ्या त्या आईला स्वतःची दोन वाक्यं सुचेनात. शेवटी दिसेल ते बोलू लागली. "ही बादली. पाणी गार आहे. हा तुझा पाय. हा दुसरा. झाले, दोनच आहेत." उत्तर नाही. अशी एकटी बडबड करताना तिला वाटायचं, आपण विहिरीत खडे टाकतोय आणि आवाज काही येत नाही. तरी टाकत राहायची.

सातव्या आठवड्यात दुपारी दार वाजलं. बाहेर एक माणूस, कडेवर दोनेक वर्षांची मुलगी. दम लागलेला. मुलीचे डोळे त्याच्या खिशातल्या फोनवर.

"महाराज इथेच ना? फार लांबून आलोय. ही बोलत नाही अजून. त्यांचा नुसता हात लागला डोक्याला तरी…"

'ते इथून गेले' म्हटलं असतं तर भागलं असतं. मामांच्या वेळचे लोक अजून येत, आणि आजवर ती तेवढंच सांगत आली होती.

"इथे महाराज कधीच नव्हते," ती म्हणाली. "माझा मुलगा आहे. मी त्याला सहाव्या महिन्यापासून फोनपुढे बसवला, कारण मला काम करायचं होतं. तो गप्प बसला ते मला बरं वाटलं. मग लोकांनी त्याला संत केलं, तेही मला बरं वाटलं. त्याच्या डोळ्यांत टीव्ही दिसत होता, बाकी काही नाही."

माणसाने मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "म्हणजे आता आमचं काय?"

"हिचे कान तपासून घ्या. डॉक्टरांना दाखवा, उद्याच. कुणी गंडा दिला, अंगारा दिला, ज्योत दाखवली तर ती कुठून येते ते वळून बघा. आणि तो फोन खिशातून काढून पिशवीत टाका. लेकरू गप्प बसलं की आपल्याला सुख होतं, पण गप्प बसणं हा काही गुण नाही हो. तिच्याशी बोला."

"काय बोलू?" तो ओशाळला. "ही काही उत्तरच देत नाही. मी दिवसभर ट्रक चालवतो. मला बोलायची सवय नाही."

"मलाही नव्हती. पायऱ्या मोजत उतरा."

"पायऱ्या?"

"तेवढं तर येतं ना? मोठ्याने मोजा. तिच्याकडे बघून."

तो गेला. पहिल्या वळणापर्यंत काही ऐकू आलं नाही. मग खालून एक घोगरा, लाजरा आवाज आला. "एक… दोन… ही तीन. बघ, तीन." मग चूक झाली, "चार" दोनदा आले. मग तो एकटाच हसला.

दार लावायला ती वळली तर भोपू उंबऱ्यात येऊन उभा होता. त्याने जिन्याकडे मान वळवली होती, आवाजाकडे. माणूस दिसेनासा झाला होता, आवाज खाली खाली चालला होता, "अकरा… बारा…", आणि भोपू ऐकत होता. मग त्याने मान वर करून तिच्याकडे बघितलं. तिलाही ऐकू येतंय ना, एवढंच बघून घेतलं, आणि पुन्हा जिन्याकडे कान लावला.