न चाललेला बर्फ

पहिल्याच ठोशाला आइपिलिकचा ओठ फुटला. दुसरा बसला तेव्हा म्हातारा खुर्चीसकट सभागृहाच्या भिंतीवर आपटला. मारणारा परका नव्हता, सख्खा भाचा पानिलू होता.

"बोल आता! माझ्या भावाला खाल्लंस तू!"

देशाच्या हवामान-अहवालासाठी ओटावाहून आलेली लॉरेन मध्ये पडली, तर तिलाही एक बसली. दोन वर्षांपूर्वी तिनेच विचारलं होतं, सामुद्रधुनीवरचा बर्फ कसा आहे? आइपिलिक म्हणाला होता, ठाऊक नाही. गुडघा गेल्यापासून तो तिकडे फिरकला नव्हता. अहवालाच्या नकाशात ती जागा कोरी राहिली. कोरी म्हणजे धोका नाही असं समजून पानिलूच्या धाकट्या भावाने, नुतारकने, मागच्या आठवड्यात बर्फावरची गाडी तिथून घातली, ती त्याच्यासकट तळाला गेली.

"मामा, शिकारी तुला सांगत नव्हते? खालून प्रवाह बर्फ खातोय म्हणून?"

"सांगत होते. मी चाललो नव्हतो."

"चाललो नव्हतो म्हणे! जीभ झडली असती का?"

आइपिलिक रक्त थुंकला. जे आपल्या पायाखालून गेलं नाही ते बोलायचं नाही, हे त्याला बापाने लहानपणीच शिकवलं होतं. ऐकीव बर्फ सांगणाऱ्याला इनुइटांच्या या गावात कुत्रं विचारत नाही. त्या शिकवणीचा आज त्याला पहिल्यांदा संताप आला.

"दोर घे. चालून बघतो," तो म्हणाला.

दुपारी तिघं सामुद्रधुनीवर पोचले. दोराचं एक टोक म्हाताऱ्याच्या कमरेला, दुसरं पानिलूच्या. आइपिलिक लंगडत वीसेक पावलं गेला, भाला आपटला. एका घावात आरपार, इतका पातळ बर्फ. तेवढं पुरे होतं, पण मागे वळेपर्यंत बर्फ फुटला आणि म्हातारा पाण्यात गेला.

पानिलू तोंडावर पडला आणि फरफटत कडेला गेला. लॉरेनने त्याचे पाय धरले.

"मर, थेरड्या, मर! ...नको रे मामा, धर, धर दोर!"

ओढून काढला तेव्हा बर्फाच्या धारेने म्हाताऱ्याचे हात कोपरापर्यंत सोलले होते. दात कडकडत होते.

"लिही बाई. हा बर्फ गेला."

लॉरेनने वही काढली. "सांगणारा, आइपिलिक..."

"माझं नको. नुतारक लिही. तो आधी गेला इथून."

पानिलूने अंगातला कोट काढून मामावर टाकला आणि पाठ फिरवून उभा राहिला.