केदारची पत्रं पुन्हा आली

परळीत गुंडप्पांच्या कापडदुकानासमोर त्या सोमवारी पाय ठेवायला जागा नव्हती. आत कॉम्प्युटरला हार घातला होता, पुढ्यात दक्षिणेचं ताट होतं. मोडेम किरकिरला, आणि मस्कतला अपघातात गेलेल्या त्यांच्या मुलाची, केदारनाथची, ईमेल पत्रं एकामागून एक पडद्यावर उतरू लागली.

"आलं! आलं माझं लेकरू!" शिवकांताबाईंनी पडद्याला दोन्ही हात लावले.

"तारखा तर जुन्याच हायेत की," मागून कुणीतरी पुटपुटलं.

"तारीख माणसाला असते बे!" दर सोमवारी हा सोहळा मांडणारे म्हाळू महाराज कडाडले. "आत्म्याला कसलं कॅलेंडर? विजेवर बसून येतो त्यो! पण सून उंबऱ्याबाहेर पडली, की वाट बंद. सांगून ठेवतो."

सून म्हणजे केदारची बायको प्रणिता. अंबाजोगाईला बीएडला तिचा नंबर लागला होता. त्या दिवशी सासूने तिचा हात धरला. "तू गेलीस तर माझा केदार येणार न्हाई गं. इतकं कर माझ्यासाठी."

प्रणिताला तिचा राग आला नाही. पहिल्या वेळी तीही धावतच आली होती. 'इथं ऊन लई हाय, तुझी आठवण येते', हे पत्र न वाचल्यासारखं ठळक अक्षरांत पुन्हा समोर आलं, तेव्हा क्षणभर तिलाही वाटलं होतं, की तो कुठंतरी आहे. मग ती वाट पाहत राहिली, एखादं नवं वाक्य येईल म्हणून. ते आलं नाही. आलं ते इचलकरंजीच्या व्यापाऱ्याचं लुगड्यांच्या भावाचं जुनं पत्र, केदारच्या पत्रांच्या मधोमध. आणि तो व्यापारी तर धडधाकट होता. सकाळीच त्याचा फोन आला होता.

मग तिच्या ध्यानात आलं, की महाराजांचा माणूस बंकट मशीन 'शुद्ध' करून गेला, की मगच पत्रं उतरतात. तो नेमकं काय करतो, ते तिने एकदा दाराआडून पाहून ठेवलं.

पुढच्या सोमवारी गर्दी जमल्यावर तीच पुढे झाली. "आत्या, तुम्ही एक पत्र सांगा. मी लिहिते."

"काय सांगू?" शिवकांताबाई गोंधळल्या. "लिही, मी बरी हाय."

प्रणिताने ते घरच्याच ईमेल पत्त्यावर पाठवलं. थोड्या वेळानं ते आलं. मग तिने बंकट करायचा तेच केलं: प्रोग्राममधलं ईमेलचं खातं काढलं आणि पुन्हा घातलं. मोडेम किरकिरला. केदारची सगळी पत्रं उतरली. आणि त्यांच्या शेवटी, 'मी बरी हाय', दुसऱ्यांदा.

"महाराज, आत्या तर इथं बसल्यात. हा कुणाचा आत्मा?"

महाराजांनी दक्षिणेचं ताट आवरायला घेतलं. बंकट मागच्या दारानं सटकला.

"पत्रं इथं घेतली, तरी त्यांची एक प्रत ईमेल कंपनीच्या कॉम्प्युटरवर राहते," प्रणिता लोकांना सांगू लागली. "तशी सोय आपणच चालू ठेवलीय. कुठली पत्रं घेऊन झाली, ते आपला प्रोग्राम ध्यानात ठेवतो. खातं काढलं की तो ते विसरतो, आणि सगळीच नवी समजून पुन्हा घेतो. चमत्कार एवढाच."

लोक मान खाली घालून पांगले. शिवकांताबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत.

"म्हंजे माझा केदार बोलत नव्हता?"

"बोलला होता, आत्या. जिवंत होता तेव्हा."

त्या माउलीने जो हंबरडा फोडला, तो मस्कतहून फोन आला त्या दिवशीही फोडला नव्हता. प्रणिता तिला कवटाळून बसली. आपण आज केदारला दुसऱ्यांदा मारलं, असं तिला वाटत होतं.

पुढे तिने जादाची पत्रं पुसली, प्रत्येकाची एक प्रत तेवढी ठेवली. ती अंबाजोगाईला निघाली तेव्हा सासरे सोडायला आले. सासू आली नाही. पुष्कळ दिवस ती सुनेशी धड बोललीही नाही. प्रणिताने ते सोसलं, पण खोट्याला खरं म्हटलं नाही.

बाबांनो, गेलेल्या माणसासाठी पोटभर रडा, त्यात कसली लाज? पण तुमच्या रडण्यावर कुणी दुकान मांडलं, तर डोळे पुसा आणि आधी विचारा, हे घडतंय कसं?