खंडेनवमीला मिळालेली सुट्टी

मित्रांनो, सर्व्हर म्हटलं की काचेची मोठी इमारत आणि गारेगार खोली तुमच्या डोळ्यांसमोर येत असेल. मी तसल्या थाटातला नाही. मी आहे भाईंदर पूर्वेला स्टीलचे डबे आणि पातेली बनवणाऱ्या कारखान्यातला जुना सर्व्हर. जिन्यावरच्या खोलीत, पॉलिशची धूळ खात अकरा वर्षं उभा आहे. माझ्या बरोबरीचे केव्हाच भंगारात गेले. मी टिकलो याचा मला जरा ताठा आहे, तेवढा चालवून घ्या.

खोक्यातून बाहेर काढलं त्या दिवशी शेठनी नारळ फोडला आणि राघोकाकांनी माझ्या कपाळावर कुंकू लावलं. राघोकाका खारी गावातले, कारखान्यातले सर्वांत जुने कामगार. पूर्वी पत्रा दाबणारं प्रेस मशीन चालवायचे. एका अपघातात दोन बोटं अर्धी झाली, तेव्हापासून चाव्या, दिवे, पंखे त्यांच्याकडे आले. रोज सकाळी माझं दार उघडून ते फडक्यानं मला पुसत.

माझं काम सांगतो. कुठल्या डब्याचा साचा किती खोल, झाकणाची कड किती रुंद, असे सगळे नकाशे माझ्या पोटात असतात. नकाशा उघडला नाही तर साचा बनत नाही आणि साचा नसेल तर प्रेस थांबते. मात्र मी म्हणजे नुसता पत्रा. मला चालवते ती ऑपरेटिंग सिस्टीम. ती जुनी झाली की तिच्यात भोकं सापडू लागतात. ती बुजवायला सिस्टीम बनवणारी कंपनी अधूनमधून दुरुस्त्या पाठवते, त्यांना अपडेट म्हणतात.

हे अपडेट लावायचं काम निशिगंधाचं. पूनम सागर संकुलात राहणारी ही मुलगी सात वर्षांपूर्वी इथे लागली. त्याआधी मला हार पुष्कळ मिळाले, पण माझी तब्येत कुणी तपासली नव्हती.

दोन वर्षांपूर्वी माझ्या सिस्टीमचे अपडेट यायचे बंद झाले. निशिगंधा लगेच शेठकडे गेली.

"शेठ, आता नवी सिस्टीम टाकायला पाहिजे. ही उघडी पडलीय."

"चालतंय ना? चलती मशीन को हात नहीं लगाने का," शेठ म्हणाले.

दोन वर्षं तिला हेच उत्तर मिळालं. मग एका सकाळी पलीकडच्या गाळ्यातले सगळे संगणक कुणा चोरानं इंटरनेटवरून शिरून कुलूपबंद केले आणि पैसे मागितले. तिथली माणसं आठवडाभर डोकं धरून बसली होती. तेव्हा कुठे शेठचे डोळे उघडले. खंडेनवमीला मशीनं बंद असतात, त्या दिवशी काम करायचं ठरलं. शेठनी बजावलं, "दसऱ्यानंतर कारखाना चालू झाला पाहिजे. नाही झाला तर तुझी नोकरी गेली समज."

निशिगंधानं माझ्या पोटातलं सगळं एका वेगळ्या डिस्कवर उतरवून घेतलं. शिवाय दुसऱ्या संगणकावर ते परत उघडून पाहिलं. तिचा जीव त्या नोकरीवर होता आणि माझ्यावरही होता, असं मी समजतो.

खंडेनवमी उजाडली. नवी सिस्टीम माझ्यात हळूहळू उतरू लागली. निशिगंधानं माझ्यावर कागद चिकटवला, "काम चालू आहे, हात लावू नये." तेवढ्यात खालून शेठची हाक आली, आरतीला सगळे पाहिजेत. ती खाली गेली.

इकडे राघोकाका एकेका मशीनला कुंकू लावत माझ्यापर्यंत आले. त्यांनी घाईत झेंडूचा भलामोठा हार घातला आणि कागद झाकला गेला. काकांनी माझ्या पत्र्यावर हात ठेवला. पत्रा तापला होता.

"समद्यांना आज सुट्टी, तुलाच न्हाय," ते म्हणाले. "आज तरी नीज रं बाबा."

आणि त्यांनी दिवा विझेपर्यंत माझं बटण दाबून धरलं.

निशिगंधा परतली तेव्हा मी गार पडलो होतो. तिनं मला चालू केलं. पंखे फिरले, पण पडद्यावर नुसती बिघाडाची सूचना आली. अर्धी सिस्टीम जुनी, अर्धी नवी. मी ना घरचा ना घाटचा.

"मी बोललो होतो की नाही?" शेठ दारातूनच ओरडले.

"बॅकअप आहे, शेठ. उद्यापर्यंत वेळ द्या."

"आता तुझं काही ऐकायचं नाही. उद्यापासून येऊ नकोस."

वीज गेली असेल आणि आपण बॅटरीची सोय बघितली नाही, असंच तिला वाटत होतं. मला खरं माहीत होतं, पण अचानक विझताना मला एक ओळही नोंदवता आली नव्हती. मित्रांनो, तेव्हा मला तोंड नसल्याचं फार वाईट वाटलं.

राघोकाका प्रसाद घेऊन आले होते. ते गप्प राहिले असते तर कुणाला काही कळलं नसतं. त्यांच्या वयाला दुसरीकडे काम मिळणंही कठीण.

"शेठ, पोरीला बोलू नका," ते म्हणाले. प्रसादाची ताटली त्यांनी खाली ठेवली. "मी बंद केला त्याला. मला वाटलं, दमला असंल."

शेठनी काकांच्या अर्ध्या बोटांकडे पाहिलं आणि ते खुर्चीत बसले. मग निशिगंधाला म्हणाले, "उद्यापर्यंत ना? कर."

तिनं मला पूर्ण पुसलं, नवी सिस्टीम टाकली आणि माझं सगळं मला परत दिलं. दसऱ्याला दुपारी साडेतीनला पहिला नकाशा उघडला, पाच किलोच्या डब्याचा. शेठनी स्वतः तिच्या हातात आपट्याचं पान ठेवलं.

काका मात्र माझ्याकडे फिरकेनात. धूळ साचू लागली. चौथ्या दिवशी निशिगंधा त्यांना हात धरून घेऊन आली.

"काका, हा दिवा हिरवा असला की हा बरा आहे. नारिंगी झाला तर मला फोन करायचा. रोज सकाळी तुम्हीच बघायचं."

"मी? मी परत कायतरी चुकवीन."

"आता तुम्हाला माहीत आहे. म्हणून तुम्हीच."

मित्रांनो, माया तर काकांनी पहिल्या दिवसापासून केली होती. पण ज्याची काळजी घ्यायची, त्याला काय सोसतं नि काय सोसत नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनीही विचारलं नव्हतं. तुम्ही विचारत जा. यंत्राला हात लावण्याआधी विचारा आणि माणसावर ओरडण्याआधीसुद्धा.

आता काका रोज सकाळी माझ्यासमोर वाकतात, चष्मा पुसून नीट बघतात आणि निशिगंधाला फोन लावतात.

"पोरी, हिरवा हाय. तुला सांगावंसं वाटलं."